सतरा नंबर हजर

माझी पुतणी सध्या बीडला न जाता बीडच्या कॉलेजात शिकते. खाटेवर उशीला टेकून बसते, मांडीवर शेंगदाण्याची वाटी असते आणि मोबाइलमधून सर बोलत असतात. मधूनच ती मैत्रिणीशी गप्पा मारते, आईवर खेकसते, हसते. सरांना यातलं काही ऐकू जात नाही, कारण तिनं स्वतःचा आवाज बंद केलेला असतो. तसा नियमच आहे म्हणे. तिची आई, म्हणजे माझी जाऊ, भाकरी थापता थापता करवादते, "हे कसलं शिकणं? कालेजचा उंबरा न्हाई, का बाक न्हाई." मी या भांडणात पडत नाही. पडायला मला फार आवडतं, पण मी तोंड उघडलं की पुतणी म्हणते, "काकू, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं." मग मला तिला सांगावं लागतं, की आवाज बंद ठेवून वर्गात बसण्याचा मान या घरात पहिला माझा. मी जवळजवळ सबंध वर्ष तशी बसले, आणि माझ्या वेळी ते बटणही नव्हतं.

मी मूळची आष्टीची. माहेरी सगळीच माणसं बडबडी, त्यांत माझा नंबर पहिला. बारावी झाले आणि उमापूरला दिली गेले. सासरचं किराणा-भुसाराचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. लग्नाच्या बैठकीत माझे वडील म्हणाले, "पोरीला पुढं शिकायचंय." सासरे म्हणाले, "शिकू द्या की." सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणते. बैठकीत माणसं अशी बरीच वाक्यं बोलतात आणि पानसुपारी झाली की ती विसरायची असतात. माझी चूक एवढीच, की मी ते वाक्य विसरले नाही.

त्या काळात आमच्याकडे शिक्षणाचे दोनच प्रकार होते. एक रेगुलर आणि दुसरा बाहेरून. माझा धाकटा दीर बीडला खोली करून राहायचा आणि रेगुलर शिकायचा. म्हणजे त्याच्याकडे दोन नव्या पँटी होत्या, मागच्या खिशात गुंडाळलेली एक वही होती आणि तो सुट्टीला आला की गल्लीतल्या बायका त्याला "कालेजात हाय" असं एकमेकींना दाखवायच्या. "बाहेरून बी.ए." हे मात्र लोक आवाज खाली करून म्हणायचे. दिल्लीत तेव्हा सरकारंसुद्धा बाहेरच्या पाठिंब्यावर चालत, आणि त्या सरकारांबद्दल आप्पांचं जे मत होतं तेच या बी.ए.बद्दल होतं.

दिवस तसे बदलत चालले होते. आमच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या. समोरच्या टपरीला पिवळ्या पाटीचा फोन आला होता. मुक्त हा शब्द पेपरात रोज दिसायचा. मुक्त बाजार, मुक्त अर्थव्यवस्था, आणि तसंच एक मुक्त विद्यापीठ निघालंय, घरी बसून पुस्तकं वाचायची, रविवारी गेवराईच्या कॉलेजात तास, असं कळलं. माझा नवरा मुकाट्यानं जाऊन फॉर्म घेऊन आला. तो बोलायचा कमी आणि करायचा जास्त, त्यामुळे मला तो फार आवडायचा, अजून आवडतो.

आप्पांनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. "घरी बसून कालेज? पत्रानं पोहायला शिकता येतं का? हिरीत उतरावंच लागतं."

"शब्द दिलता न्हवं तुमी बैठकीत?" सासूबाई आतून म्हणाल्या. "लग्न लावणाऱ्या स्वामीच्या देखत दिलता."

आप्पा शब्दाचे पक्के होते, म्हणजे कुणी आठवण करून दिली तर. थोडा वेळ ते तराजूच्या साखळीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "जाऊ दे. पण एकटी न्हाई जायची. सोबत पायजे."

सोबत कुणाची, हा प्रश्न निघाला. सासूबाईंना एस.टी.त बसलं की मळमळायचं. रविवारी दुकान नवऱ्याकडे. दीर बीडला रेगुलर. राहता राहिले आप्पा. स्वतःच्या अटीत स्वतःच असे अडकल्यावर त्यांनी फक्त टोपी काढून परत घातली.

इथं घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. आप्पा दुकानातून घरात येताना आधी खाकरायचे, मी पदर डोक्यावर घ्यायचे. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, "जेवायला वाढलंय म्हणावं." आप्पाही भिंतीला उत्तर द्यायचे, "आलो म्हणावं." घरात आम्ही दोघंच असलो तरी ते "म्हणावं" लागायचं. आणि परक्या माणसांसमोर तर तेवढंही नाही, सुनेचा आवाज अजिबात बाहेर पडता कामा नये. आष्टीची मी आणि हा नियम, यांची गाठ कुणी घातली कोण जाणे.

पहिल्या रविवारी आम्ही गेवराईला उतरलो. आप्पा पुढं, मी दहा पावलं मागं, हातात डब्याची पिशवी. कॉलेजच्या वर्गात वीसेक माणसं बसली होती. एक तलाठी, एक एस.टी. कंडक्टर, दोन मास्तर, उपकेंद्रातली एक नर्स. कुणाचंच वय बाकावर बसायचं नव्हतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून आप्पा आत शिरले आणि मोकळा दिसला तो पहिला बाक धरून बसले. मी दाराशी उभी.

तेवढ्यात सर आले. तरुण होते, नुकतेच नोकरीला लागलेले असावेत. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, कपाळाला विभूती, समोर बाकावर प्रवेशाची पावती आणि पुस्तकांसाठी आणलेली रिकामी पिशवी. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतलेल्या, डबा धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांचा अंदाज तिथंच बांधून झाला.

"काका, या वयात शिकायला आलात," सर भरल्या गळ्यानं म्हणाले. "मुक्त विद्यापीठ कशासाठी आहे ते मला आज कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही व्हरांड्यात बसा, तिथं सावली आहे. तास संपला की काकांना घेऊन जा."

आप्पा सांगायला उठले होते, हे मी शपथेवर सांगते. ते उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच क्षणी कंडक्टरनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळा वर्ग वाजवू लागला. आप्पांसाठी आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नसाव्यात. ते तसेच उभे राहिले, हात जोडले आणि खाली बसले.

सरांकडे तेव्हा नावांची यादी आलेली नव्हती, नुसते नंबर होते. ते हजेरी घेऊ लागले. "सतरा?" आप्पांनी पावती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. पावतीवर सतराच होतं. "हजर," आप्पा म्हणाले.

मी व्हरांड्यात खिडकीखाली बसले. माझा प्रवेश, माझी पुस्तकं, माझा नंबर, आणि मी बाहेर माशा वारत बसलेली. मला इतका राग आला की डब्यातली सगळी धपाटी मी एकटीनं खाल्ली. परतीच्या एस.टी.त आप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, "डबा कुठाय म्हणावं?"

"संपला म्हणावं," मी म्हणाले. एस.टी.च्या खडखडाटात ते परक्यांना ऐकू जायची भीती नव्हती.

थोडं अंतर गेल्यावर ते पुन्हा खिडकीला म्हणाले, "पुढल्या रविवारी सांगतो म्हणावं त्या सराला."

पुढल्या रविवारी त्यांनी सांगितलं नाही. त्याच्या पुढल्याही नाही. मी सरांची चूक स्वतः दाखवायला निघाले असते, पण एक तर नियम आडवा येत होता आणि दुसरं म्हणजे मी आप्पांना ओळखत होते. चारचौघांत त्यांचं हसं झालं असतं तर ते पुन्हा त्या कॉलेजची पायरी चढले नसते. आणि ते चढले नसते तर मीही चढले नसते. माझं शिकणं चालू राहणं हे आप्पांच्या इज्जतीवर टांगलेलं होतं. म्हणून मी गप्प राहिले. रागानं उकळत, पण गप्प.

ही गोष्ट मी फक्त त्या नर्सबाईंना कुजबुजून सांगितली. दुसऱ्या रविवारी त्यांनीच मला "बाहेर कावून बसलीस, आत ये" म्हणून शेवटच्या बाकावर आपल्या शेजारी ओढून घेतलं होतं. ऐकून त्या पदर तोंडात कोंबून हसल्या. सर मागं वळून म्हणाले, "ताई, काकांच्या तासाला शांतता ठेवा."

आता शंका कशा विचारायच्या, हा प्रश्न होता. पुस्तकं मी घरी वाचायचे, दळण-कांडण आटोपून, दुकानामागच्या पोत्यांवर बसून. पुस्तकं चांगली होती, सोप्या मराठीत लिहिलेली. विद्यापीठानं एक कॅसेटही पाठवली होती. ती नवरा दुकानातल्या टेपवर लावायचा. कॅसेटमधले सर इतक्या गंभीर आवाजात बोलायचे, की एकदा एक म्हातारी चहापत्ती घ्यायला आली ती हात जोडून उभीच राहिली आणि संपल्यावर प्रसाद मागू लागली. पण पुस्तक आणि कॅसेट यांना उलट प्रश्न विचारता येत नाही, ही त्यांची मोठी खोट. आणि मला तर, विशेषतः अर्थशास्त्रात, जागोजाग प्रश्न पडायचे.

शेवटी मी चिठ्ठी लिहिली. घडी करून नर्सबाईंकडे दिली, त्यांनी पुढं दिली, तलाठ्यानं मास्तरांकडे दिली, आणि ती फिरत फिरत पहिल्या बाकावर आप्पांच्या हातात पडली. आप्पांनी ती उघडली, ओठ हलवत वाचली, मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी पदराआडून जमिनीकडे बघत होते. आप्पा उभे राहिले.

"सर, नुसती इच्छा आसली तर तिला मागणी का म्हणायचं न्हाई?"

सर खूश झाले. फळ्यावर जाऊन दहा मिनिटं समजावून सांगितलं. मला समजलं. आप्पांना काहीही समजलं नाही, पण ते मान हलवत उभे राहिले.

एस.टी.त ते खिडकीला म्हणाले, "मी काय इचारलं ते सांगावं म्हणावं."

मग मला सांगणं भाग पडलं. "एखाद्याला गाडी घ्यावी वाटती, पण खिशात काई न्हाई, तर ती मागणी न्हाई म्हणावं. इच्छा पायजे आन् ऐपतबी पायजे म्हणावं."

"आन् ऐपत हाय पण इच्छा न्हाई, तर म्हणावं?"

"तरीबी न्हाई म्हणावं."

आप्पा हसले. "आपल्या गल्लीत लई हायत तसली म्हणावं."

असं आमचं चालू झालं. जाताना मी चिठ्ठ्या तयार करायचे, वर्गात आप्पा विचारायचे आणि येताना मी त्यांना त्यांचेच प्रश्न समजावून सांगायचे. उमापूर येईपर्यंत खिडकी बिचारी अर्थशास्त्रात माझ्याइतकी तयार झाली असेल. वर्गात आप्पांचं नाव झालं. काकांइतके प्रश्न कुणी विचारत नाही, असं सर इतर विद्यार्थ्यांना सुनवायचे. माझ्या चिठ्ठ्या वाहून नेणारा तलाठी मान खाली घालून हे ऐकून घ्यायचा.

एके दिवशी सरांनी आपणहून त्यांना उठवलं. "काका, तुमचं दुकान आहे. भाव वाढला की मागणीचं काय होतं?"

चिठ्ठी नव्हती. मी हा धडा तीनदा वाचला होता, उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि जीभ पदराखाली.

आप्पा म्हणाले, "मालावर हाय ते. मिठाचं काईच होत न्हाई. भाव वाढला म्हणून कुणी आळणी खात न्हाई. गुळाचं होतं. गूळ महागला की लोक चहा कमी गोड पितेत."

सरांनी खडू उचलला. मग म्हणाले, "काकांनी पुढचा धडा सांगितला." फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, मागणीची लवचिकता. पुन्हा टाळ्या. मी पण वाजवल्या, दात खात वाजवल्या. एवढं वाचून माझ्या हाती टाळ्याच आल्या.

त्या दिवशी येताना आप्पा नेहमीपेक्षा जास्त बोलले, सगळं खिडकीशी. ते उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. निजाम गेला, शाळा मराठी झाली, आणि त्यांना परत पहिलीच्या पोरांत बसवलं. लांब पाय बाकाखाली मावेनात. आठ दिवसांत त्यांनी शाळा सोडली आणि वडिलांच्या दुकानात बसले. मराठी पुढं गिऱ्हाइकांची नावं लिहून लिहून शिकले. "आमचा सर तवा टाळ्या न्हवता वाजवत म्हणावं," ते म्हणाले. मला वाईट वाटलं. त्यांनी पहिल्या दिवशी खरं का सांगितलं नाही, ते तेव्हा कळलं, आणि माझा अर्धा राग त्या एस.टी.त उतरला. अर्धा मी ठेवला, कारण नंबर अजून माझाच होता.

माझ्या पुस्तकात ते टिपणं लिहू लागले. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, समासात. आजही ते पुस्तक माझ्याकडे आहे आणि त्यांच्या टिपणांतलं एक अक्षर मला वाचता येत नाही.

दिवाळीला दीर घरी आला. जेवताना आप्पांनी त्याला विचारलं, "मिठाची मागणी लवचिक कावून न्हाई?"

दिराचा घास हातातच राहिला. "आमचे सर तासच घेत न्हाईत."

"मग रोज काय करतो तिथं?"

"जातो की. सगळी पोरं येतेत. कँटीनला बसतो."

"कालेज लई मोठं हाय तुझं, मी बघून आलतो," आप्पा म्हणाले. "पण तू त्यात कुठं बसतू?"

दिरानं भाकरीकडे लक्ष दिलं. मी भिंतीआड वाढायला उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. घरी बसून शिकण्याला नावं ठेवणारे आप्पा आता दुकानात गिऱ्हाइकांना सांगू लागले की हल्ली पुस्तकंच अशी काढलीत, माणूस बोलल्यागत. पण कुणी विचारलं, "मग कालेजची गरजच न्हाई का?" तर ते म्हणायचे, "हाय की. रविवारचा तास पायजेच. पुस्तकाला कुठं माणसाचं तोंड दिसतं?" माझंही मत तेच होतं. आमचं दोघांचं मत जुळल्याचं मी भिंतीलासुद्धा सांगितलं नाही.

परीक्षेआधी तीन रविवार राहिले होते. सर येताना हातात कागद घेऊन आले. विद्यापीठाकडून नावांची यादी आली होती, आणि तोंडी परीक्षा त्याच दिवशी होती. प्रत्येकानं फळ्यापाशी उभं राहून उत्तरं द्यायची, तोंडी दिल्याशिवाय हॉल तिकीट नाही. तोंडी आहे हे आम्हाला माहीत होतं, पण ती शेवटच्या रविवारी आहे असं धरून आप्पा खिडकीला म्हणत होते, "बघू काय तरी." काय बघणार होते ते त्यांनाच ठाऊक.

सोळा नंबरचा कंडक्टर घाम पुसत जागेवर गेला. सरांनी यादी पाहिली. परत पाहिली. मग माझं पूर्ण नाव वाचलं, माझं, नवऱ्याचं आणि आडनाव.

कुणी उठलं नाही. नर्सबाईंनी माझा हात दाबला.

"या बाई कोण? सतरा तर काकांचा नंबर आहे ना?" सर म्हणाले.

आता आप्पा उठतील, टोपी सारखी करतील आणि सरळ दाराबाहेर चालू लागतील, त्यांच्या मागं दहा पावलांवर मी, आणि संपलं. मला तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की मला शिकायचं आहे. वर्षभर पोत्यांवर बसून वाचलेलं सगळं त्या एका क्षणात हातून जाणार होतं.

आप्पा उठले. टोपीही सारखी केली. "सर, सतरा नंबर सूनबाईचा हाय. मी सोबतीला येतो. पयल्या दिशी सांगायचं राह्यलं."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वर्षभर ज्या बाईला गप्प बसा म्हटलं होतं ती शेवटच्या बाकावर होती. "मग तुमचे ते प्रश्न?"

"प्रश्न तिचे," आप्पा म्हणाले. "तोंड माझं."

"काका, तोंडी मात्र त्यांनाच द्यावी लागेल. तिथं तुमचं तोंड चालायचं नाही."

मी उठले. फळ्यापर्यंत गेले. सरांनी विचारलं, "मागणीची लवचिकता म्हणजे काय?" मला सगळं येत होतं. पण समोर पहिल्या बाकावर आप्पा बसलेले, आणि माझ्या तोंडातून आवाज निघेना. मी ज्या आष्टीत बोलण्याबद्दल मार खाल्ला होता त्या आष्टीची मी, आणि इथं मुकी. सरांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी जमिनीकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

बाक सरकल्याचा आवाज झाला. आप्पा उठून दाराबाहेर गेले. मला वाटलं, गेले, आता एस.टी. स्टँडवर जाणार. पण पावलं थांबली. खिडकीतून मला त्यांची टोपी दिसली. ते व्हरांड्यात बसले होते, खिडकीकडे पाठ करून, पहिल्या रविवारी मी बसले होते त्याच जागी.

मग मी बोलले. सुरुवातीला हळू बोलले आणि नंतर मला थांबवणं सरांना जड गेलं. लवचिकता सांगितली, मिठाचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. आणि वर हेही सांगितलं की शाम्पूची पुडी आधी चैन होती, आता आमच्या गल्लीत तिची सवय झालीय, म्हणजे आज जे गुळाचं आहे ते उद्या मिठाचं होऊ शकतं, आणि हे पुस्तकात दिलेलं नाही. हे शेवटचं मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, खिडकीच्या बाहेर ऐकू जावं म्हणून. सर म्हणाले, "बास, ताई, पाच मिनिटं केव्हाच झाली." त्यांनी गुण मांडले आणि मग हळूच म्हणाले, "पहिल्या दिवशी मी तुम्हाला बाहेर बसवलं, माझं चुकलं."

"सावली होती," मी म्हणाले. सगळा वर्ग हसला, सरही हसले. टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नाहीत, आणि मला त्यांची आठवणही झाली नाही.

दारात खाकरल्याचा आवाज आला. घरात शिरताना खाकरायचे तसेच आप्पा खाकरले आणि मी जागेवर जाऊन बसेपर्यंत बाहेर थांबले. मग आत येऊन पहिल्या बाकावरची पिशवी उचलली.

येताना आप्पा खिडकीशीही बोलले नाहीत. उमापूरचा फाटा आल्यावर म्हणाले, "पुढल्या रविवारी तू एकटी जा." माझ्याकडे बघून म्हणाले, आणि म्हणावं लावलं नाही. मी वर्षभर मनात जे मागत होते ते मला मिळालं होतं. रस्त्यानं चालताना मला आनंद झालेला होता हे नक्की. पण घरी येऊन मी डबा घासायला घेतला आणि तो रिकामा डबा बघून मला रडू आलं. माझ्या चिठ्ठ्या आता कुणी वाचायचं कारण राहिलं नव्हतं, आणि त्या परक्या वर्गात स्वतःची मान खाली घालून माझा नंबर मला परत देणाऱ्या माणसाला मी कधी एक शब्द थेट बोलले नव्हते.

पुढच्या रविवारी मी एकटीच निघाले. स्टँडवर पोचले तर आप्पा आधीच उभे होते. धुतलेलं धोतर, टोपी, काखेत माझं पुस्तक.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आप्पा, तुमी एकटी जा म्हणालात," मी म्हणाले. लग्नानंतर त्यांना थेट बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

आप्पा एस.टी.च्या दिशेनं बघत होते. "म्हणालो खरं. पण त्या सरानं पुरवठ्याचा धडा अर्धाच सोडलाय."

धपाटी आम्ही एस.टी.तच खाल्ली, निम्मी निम्मी. वर्गात मी नर्सबाईंच्या शेजारी जाणार तेवढ्यात सरांनी पहिल्या बाकाकडे बोट केलं. आप्पांनी सरकून जागा दिली. सर हजेरी घेऊ लागले. चौदा, पंधरा, सोळा.

"सतरा?"

"हजर," मी म्हणाले. माझ्या बाजूनं त्याच क्षणाला आणखी एक "हजर" आला, जरा खरखरीत. आप्पांनी चटकन तोंडावर हात ठेवला. सरांनी मान वर केली नाही. यादीत त्यांनी सतरासमोर एक खूण केली, थोडं थांबून तिच्याच शेजारी दुसरी केली, आणि म्हणाले, "अठरा?"